अजून हातभर खाली

सरकारी नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य लिहिलं असेल तर ते हे: ‘सदर कामासाठी अनुदान उपलब्ध नसल्याने मागणी मान्य करता येत नाही.’ अमरावतीला जंगल खात्याच्या एका ऑफिसात मी आवक-जावकचा बाबू होतो. सकाळी डाक फोडायची, रजिस्टरात चढवायची, बडेबाबूंच्या टेबलावर ठेवायची, आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या अर्ध्या कागदांना हे वाक्य लावून ते परत डोंगरात पाठवून द्यायचे. पहिल्या वर्षी लिहिताना जीव थोडा खालीवर व्हायचा. दुसऱ्या वर्षी कंटाळा आला. तिसऱ्या वर्षापासून हात आपोआप चालायचा आणि मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करायचो.

साठ सालच्या आसपासचे दिवस ते. आमचे कागद आधी नागपूरला जायचे, मग मुंबईला जायला लागले. अंतर वाढलं, उत्तर तेच राहिलं. मेळघाटातल्या सागाचे लिलाव व्हायचे, ठेकेदारांचे ट्रक भरभरून परतवाड्याला उतरायचे, तो पैसा तिजोरीत जायचा आणि तिथून रानाकडे काही फिरून बघायचा नाही. त्याच रानाचा एक तुकडा सरकारनं शिकारबंदीचा म्हणून राखून ठेवला होता. राखून ठेवला म्हणजे काय केलं? नकाशावर लाल शाईची रेघ मारली आणि तिच्या आत एक नाकेदार बसवला. नाकेदार म्हणजे जंगलाचा पहारेकरी. एवढ्या मोठ्या रानाला एक माणूस, एक काठी आणि एक कंदील. त्या कंदिलाच्या घासलेटासाठीचा अर्जही माझ्याच टेबलावर यायचा. त्यालाही तेच वाक्य.

आता तिकडे जीपगाड्या फिरतात म्हणे, पाट्या लागल्यात, पोरं दुर्बिणी घेऊन जातात. चांगलंच आहे. आमच्या वेळी जनावरांसाठी पैसा मागणं म्हणजे चेष्टा होती. रस्त्याला पैसा नाही, शाळेला नाही, आणि तुम्हाला सांबराला पाणी पाजायचंय? बडेबाबू हसायचे. वाईट माणूस नव्हते ते. तीस वर्षं ‘नाही’ वर सह्या करून माणूस जसा होईल तसे झाले होते.

तर या नाकेदाराचा एक अर्ज दरवर्षी संक्रांत झाली की यायचा. वाकडंतिकडं अक्षर, पण म्हणणं सरळ. त्याच्या हद्दीत उन्हाळाभर टिकणारा एकच पाणवठा होता. दर पावसाळ्यात त्यात गाळ आणि पालापाचोळा भरायचा आणि पाणी बसायला जागाच राहायची नाही. मग चैत्रातच तो कोरडा पडायचा. जनावरं पाण्याच्या शोधात हद्दीबाहेरच्या ओढ्याला जायची, आणि तिथं मचाण बांधून बंदूकवाले बसलेले असायचे. चार मजूर आठ दिवस दिले तर गाळ निघेल, एवढीच मागणी. तीन वर्षं तो अर्ज आला, तीन वर्षं मी ते वाक्य लिहिलं.

चौथ्या वर्षी अर्जाऐवजी तो स्वतःच आला. दुपारच्या वेळेला टेबलासमोर एक उंच, वाळलेला, पन्नाशी उलटलेला माणूस येऊन उभा राहिला. खाकी कोट उन्हानं पांढरा पडलेला. खिशातून त्यानं माझीच तीन पत्रं काढली, नीट घडी उलगडून टेबलावर ओळीनं मांडली.

‘‘हे अक्षर तुमचं होय काय?’’

‘‘हो.’’

‘‘लय साजरं अक्षर हाय बाबू,’’ तो म्हणाला. ‘‘पण जनावरं अक्षर पिऊन जगत नाईत.’’

माझं डोकंच फिरलं. मी तेव्हा लवकर तापायचो. ‘‘मी काय करू काकाजी? पैसा माह्या खिशात हाय काय? वरून येत नाई, मी कुठून देऊ?’’

‘‘तुमाले दोष नाई देऊन राहिलो,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘मले फक्त पाहाचं होतं, का कोन लिवते ते. पाह्यलं. जातो.’’ आणि पत्रं गोळा करून गेलाही. एवढ्यासाठी तो डोंगरातून पायी उतरून, परतवाड्याहून बस धरून आला होता. बडेबाबूंनी विचारलं, ‘‘काय म्हणत होता बुढा?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही.’’

त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘‘मंग पैसा नसन त हात त हायेत ना तुमाले.’’ तिचं बोलणं असंच असायचं, दोन शब्दांत माणसाला उभं करायचं.

श्रमदान हा शब्द तेव्हा हवेतच होता. पुढारी यायचे, एक टोपलं मातीचं उचलायचे, फोटो निघायचा, टोपलं खाली, मोटार सुरू. मला त्या प्रकाराची चीड होती. पण खरं श्रमदान काय असतं ते मी लहानपणी पाहिलं होतं. आमचं गाव रिद्धपूरच्या बाजूला. गावच्या विहिरीवर आम्हाला मनाई. आमच्या बाया रिकामी गुंडं, म्हणजे घागरी, घेऊन दूर उभ्या राहायच्या, कुणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतायचं, नाही आलं तर ऊन डोक्यावर घेऊन घरी. शेवटी माझ्या बापानं आणि वस्तीतल्या माणसांनी आपली विहीर आपण खोदायची ठरवली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि दिवस मावळायच्या आधी तासभर विहिरीत उतरायचं. माती संपली, मुरूम संपला, काळा दगड लागला. माणसं थकली. दोघं-तिघं म्हणाले, सोडून द्या, इथं पाणी नाही. बाप म्हणाला, ‘‘अजून हातभर खाली.’’ आणि त्या हातभरातच पाणी लागलं. लोकं रडली. मी सहा-सात वर्षांचा असेन, पण ते पाणी मला आजही तोंडात आठवतं.

म्हणून सांगतो, पाण्याच्या बाबतीत आम्हाला शिकवायची कुणाची टाप नव्हती. पुढं आम्ही धम्म घेतला, मी शिकलो, आमच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी मला लागली, अमरावतीत आमच्याच लोकांच्या वस्तीत मी खोली केली. त्या वस्तीतही अशाच विहिरी खोदलेल्या हातांची माणसं होती. गिरणीतले दोघं, एक सुतार, एक मास्तर, दोघं हमाल. मी त्यांच्यापुढं नाकेदाराची गोष्ट मांडली. मास्तर म्हणाले, ‘‘आपण माणसाच्या पाण्यासाठी लढलो. जनावराच्या पाण्यासाठी चार दिवस देऊ.’’ धुळवडीच्या सुट्टीला रविवार जोडून आला होता, त्याला प्रत्येकानं आपापल्या दोन रजा जोडल्या. ऑफिसात मी कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर मंजुरी लागली असती, आणि मंजुरीचं उत्तर मला पाठ होतं.

परतवाड्याहून रिकाम्या परतणाऱ्या लाकडाच्या ट्रकवर बसून आम्ही सात जण वर गेलो, पुढं पायी. नाकेदारानं आधी आम्हाला एकेक करून मोजलं. मग बायकोला हाक मारली, ‘‘अवं, पीठ मळ, पाहुणे आले!’’ त्या माउलीनं चार दिवस आम्हाला ज्वारीच्या भाकरी आणि तिखटजाळ झुणका घातला. तिच्या घरात तेवढंच पीठ होतं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मग मास्तरांनी खालच्या गावातून ज्वारी आणली.

पाणवठा म्हणजे ओढ्याच्या वळणावरचा एक खोलगट भाग, मोठ्या परातीसारखा. चार खोल्यांचं घर बसेल एवढा. गाळ कमरेइतका. कुजलेल्या पाल्याचा वास नाकात बसला तो आठवडाभर गेला नाही. कुदळ, फावडं, टोपलं, साखळी धरून एकमेकांच्या हातात. पहिल्या दिवशी अंग मोडून आलं. दुसऱ्या दिवशी हमालांनी गाणी सुरू केली. तिसऱ्या दिवशी दुपारी गाळ संपला आणि खाली पांढरट, गुळगुळीत चिकणमातीचा तळ लागला. काठाच्या झिऱ्यातून बारीक धार येत होती, तिचं पाणी त्या तळावर जमायला लागलं. संध्याकाळी घोट्याइतकं स्वच्छ पाणी. नाकेदार ओंजळ भरून प्यायला आणि म्हणाला, ‘‘जेठापावतर पुरन आता.’’

काम तिथं संपलं होतं. तिथंच थांबायला हवं होतं.

पण आमच्या हातात अजून एक दिवस होता आणि अंगात रग होती. मीच म्हणालो, ‘‘आलोच आहोत तर अजून हातभर खाली जाऊ. दुप्पट पाणी बसेल.’’ सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? खाली गेलं की पाणी वाढतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो.

नाकेदार काठावर बसला होता. तो घुटमळला. म्हणाला, ‘‘बाबू, इथले कोरकू लोकं वरचा गाळ तेवढा काढतेत. या पांढऱ्या मातीले कोनी हात नाई लावत.’’

‘‘काहून?’’

‘‘काहून ते मले बी नाई माहीत. पण नाई लावत.’’

‘‘अडाणी समजुती असतात काकाजी,’’ मी म्हणालो.

आमच्या लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांशी मी उभा जन्म भांडलो, आणि त्या दिवशी तो शब्द माझ्याच तोंडातून निघाला, तोही किती सहज. नाकेदारानं काठी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, ‘‘तुमी ऑफिसचे मानूस. तुमी म्हणता त ठीक हाय.’’

मी हसून म्हणालो की मी आज ऑफिसचा नाही, आज मी तुमचा मजूर. मला वाटलं, झालं, सांगून टाकलं. पण ज्या माणसानं तीन वर्षं माझ्या अक्षरातले हुकूम वाचले होते, त्याला मी कपडे बदलून आलो म्हणून मजूर कसा वाटणार? मी सल्ला दिला आणि त्यानं तो हुकूम म्हणून ऐकला. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

चौथ्या दिवशी आम्ही सब्बल लावून ती चिकणमाती ढेकळांनी उपसली. खाली भेगाळलेला मुरूम आणि दगड लागला. जमलेलं पाणी गढूळ होऊन एका बाजूला गेलं. झिऱ्याची धार चालू होती, म्हणून आम्ही म्हणालो, भरेल दोन दिवसांत. मास्तरांनी दोन शब्द बोलून दाखवले, नाकेदाराच्या बायकोनं प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला, आणि आम्ही उड्या मारत खाली उतरलो. बऱ्याच वर्षांनी मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

पंधरा दिवसांनी डाकेत नाकेदाराचा कागद आला. फोडणारा मीच. ‘पाणवठा आटला आहे. झिऱ्याचे पाणी तळात उतरते, थांबत नाही. तळाची पांढरी माती निघाली आहे. पुढे काय करावे, हुकूम व्हावा.’ बस. कुणी काढली, कशी काढली, एक अक्षर नाही.

तेव्हा कुठं मला उमगलं. विहिरीचं पाणी खालून येतं, म्हणून खाली गेलं की वाढतं. त्या पाणवठ्याचं पाणी बाजूनं येऊन वर साठायचं, आणि त्याला धरून ठेवणारी ती हातभर पांढरी माती होती. आम्ही भांड्याचं बूडच काढलं होतं. इतकं साधं होतं हो ते! आणि आम्ही सात जण, पाण्यासाठी जन्म घालवलेल्या घरांतले, एकालाही ते दिसलं नाही.

कागद दाबता आला असता, पण मी तो वर ठेवला. साहेबांनी वाचला आणि भडकले. शिकारबंदीच्या रानात, मंजुरी नसताना, बाहेरची माणसं आणून काम केलं कुणी? पैसा खर्च झाला नाही म्हणजे कामच झालं नाही असं ऑफिस मानायचं, पण नुकसान झालं की ते मात्र काम ठरायचं. नाकेदाराकडून खुलासा मागवा, असा शेरा आला. बडेबाबूंनी फाइल माझ्याकडे सरकवली. ‘‘लिहून टाक. कडक लिही.’’

आणि मी लिहिली ती नोटीस. माझ्याच त्या साजऱ्या अक्षरात. ‘सरकारी मालमत्तेच्या नुकसानीबद्दल आपणास जबाबदार का धरू नये.’ डोंगरात तो कागद उलगडताच ते अक्षर कुणाचं हे त्याला कळणार होतं.

त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दोष सिद्ध झाला तर पेन्शन कापली जाणार होती, आणि त्या घराशिवाय, त्या रानाशिवाय त्याला दुसरं काहीच नव्हतं. मी बोललो तर तो सुटेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याच महिन्यात माझा कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. पाच वर्षं मी टेंपररी होतो. घरी बाप होता, खोकत होता. लहान बहिणीची शाळा होती.

बायकोला सांगितलं. ती तवा खाली उतरवत म्हणाली, ‘‘बोलाचं असन त उद्याच बोला. परवा तुमाले कारन सापडन.’’

मी रात्री जागून कबुलीचा अर्ज लिहिला. काम माझ्या सांगण्यावरून झालं, माणसं मी आणली, नाकेदारानं अडवलं होतं. सकाळी खिशात घालून गेलो. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा मूड वाईट होता. तिसऱ्या दिवशी मार्चची कामं होती. बायको म्हणाली तसंच झालं, फक्त एक नाही, रोज एक नवीन कारण सापडत गेलं.

तेवढ्यात नाकेदाराचा खुलासा आला. तीन ओळी. ‘काम माझ्या हुकमाने झाले. बाहेरची माणसे मी बोलावली. चूक माझी आहे.’

तो मी दोनदा वाचला. मी उठलो आणि माझा अर्ज बडेबाबूंपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, ‘‘अबे येडा हायेस काय? तू तठी गेला तो कोन म्हणून गेला? ऑफिसचा बाबू म्हणून. म्हणजे ऑफिसनंच पाणवठा फोडला, असं होते. साहेबाले हे चालन काय? त्या बुढ्यानं त घेतलंच हाय अंगावर. तुह्यं नाव घालून त्याचं कमी होनार नाई, फक्त तुह्यं वाढन.’’ आणि अर्ज माझ्या हातात परत दिला.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. साहेबांचं दार आठ पावलांवर होतं. मी गेलो नाही. बडेबाबूंनी अडवलं असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःलाच सांगितलं. त्यांनी नाही अडवलं. मी भ्यालो.

मग मी काय केलं, तर जे सोपं होतं ते. दर रविवारी परतवाड्याची पहाटेची बस धरून डोंगरात जायला लागलो. मास्तर दोनदा आले, मग त्यांनाही जमेना. बाकीच्यांना रजा नव्हत्या. एकदा घाम गाळायला सगळे येतात, पण दहादा कोण येणार, आणि का यावं त्यांनी? मी आणि नाकेदार दोघंच. वैशाखाचं ऊन. काठावर टाकलेली पांढरी माती आम्ही फोडायची, हद्दीबाहेरच्या ओढ्यातून डोक्यावरून पाणी आणून ती भिजवायची, तळात पसरायची आणि पायांनी तुडवायची. भेगा बुजेपर्यंत तुडवायची. एका रविवारी त्यानं मला कोरड्या तळातल्या खुणा दाखवल्या. सांबरांनी खुरांनी जागोजाग माती उकरली होती, खाली पाणी असेल म्हणून. तीही आमच्यासारखीच खाली जायला बघत होती. ‘‘आता तिकडच्या ओढ्याले जातेत,’’ तो म्हणाला. ‘‘परवा दोन बार ऐकू आले.’’

मला एकदम रडू कोसळलं. मी म्हणालो, ‘‘काकाजी, मी साहेबांना सांगतो. उद्याच सांगतो.’’

तो तुडवतच राहिला. ‘‘कायले? तुमी लहान हा. माह्यं होऊन गेलं आता.’’ मग म्हणाला, ‘‘मी त तुमाले ऑफिसचा मानूस म्हणून हो म्हटलं होतं बाबू. भेलो मी. नाईतं मले ठाव होतं, का नोको म्हणावं.’’

तो ऑफिसला भ्याला, मी ऑफिसला भ्यालो. दोघांनी ती माती जेठापर्यंत तुडवली. शेवटचा थर बसला आणि त्याच आठवड्यात त्याच्या बदलीचा हुकूम निघाला. पाऊस पडायला अजून अवकाश होता. हुकूम जावक रजिस्टरात मीच चढवला. वेतनवाढ बंद, पेन्शनीत कपात, आणि पातूरच्या लाकूड डेपोवर बदली. तिकडे अकोल्याच्या बाजूला त्याचं कुणी नव्हतं. चार दिवसांनी माझा कायम झाल्याचा कागद आला. बडेबाबूंनी पेढे मागितले, मी आणले.

पाऊस पडला. पाणवठ्यात पाणी बसलं की नाही, हे बघायला मी गेलो नाही. पहिल्या वर्षी म्हणालो, पुढच्या महिन्यात जाऊ. नवा नाकेदार आला होता, त्याची माझी ओळख नव्हती. संक्रांत गेली, पाणवठ्याचा अर्ज आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. अर्ज आला नाही म्हणजे पाणी आहे, असं ऑफिस धरून चालतं. नवा माणूस तिकडे फिरकतच नसेल, असंही असू शकतं. वस्तीत कुणी पुन्हा डोंगराचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

तीन वर्षांनी ऑफिसच्या कामानं अकोल्याला गेलो होतो. काम दुपारीच आटोपलं. स्टँडवर पातूरची बस लागलेली दिसली आणि पाय आपोआप तिच्यात चढले. वाटेत दोनदा वाटलं, उतरून जावं. डेपोवर विचारलं तर म्हणाले, बुढा रिटायर झाला, पण इथंच राहतो, फाटकाजवळच्या झोपडीत. ठेकेदाराच्या लाकडांवर रखवालदारी करतो. पेन्शनीत भागत नव्हतं.

तो फाटकाशी बसला होता. ओळखलं त्यानं लगेच. उठायला लागला तर गुडघे साथ देईनात. बायको गेल्या हिवाळ्यात वारली म्हणाला. मी वाटेत जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच तोंडातून निघेना. माफी मागायची होती. अर्ज लिहिला होता, खिशात होता, हे सांगायचं होतं. शेवटी एवढंच म्हणालो, ‘‘काकाजी, तुमचं फार नुकसान झालं.’’

त्यानं ते ऐकलंच नाही जणू. माझा हात धरून पुढं सरकला. त्याला भलतीच घाई झाली होती, तीन वर्षं अडवून धरलेलं बोलणं असावं तशी.

‘‘ते राहू द्या. मले एक सांगा बाबू. आपन तुडवली ना माती, तेच्यात पानी बसलं काय?’’

मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर मी लोकांना ‘नाही’ लिहून पाठवलं होतं. ‘माहीत नाही’ म्हणायला मला काही जड जायला नको होतं.

‘‘बसलं,’’ मी म्हणालो. ‘‘जेठापावतर पुरते. सांबरं येतेत.’’

‘‘तुमी पाह्यलं?’’

‘‘पाह्यलं ना.’’

त्यानं मांडीवर थाप मारली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ‘‘मंग जमलं ना बापा! मंग माह्यं काईच गेलं नाई.’’ आणि फाटकापलीकडच्या टपरीकडे तोंड करून त्यानं चहा सांगितला. माझ्यासाठी एक, साखर जास्त. मी पैसे काढले तर माझा हात दाबून धरला, देऊ दिले नाहीत. मी तो चहा प्यायलो.